उलट्या हाताचं विमान

तोंडात नीट न बसणाऱ्या कवळीचा दोष कुणाचा, हे ठरवणं फार अवघड असतं. माप घेणारा डॉक्टर म्हणतो, माप बरोबर होतं. कवळी करणारा म्हणतो, माप घेताना पेशंट हलला. आणि ज्याचं तोंड असतं त्याला काही बोलताच येत नाही, कारण दातच नसतात. दातवाल्यांनी हा विनोद चाळीस वर्षांत हजारदा तरी सांगितला असेल. पण एका महिन्यात दोन कवळ्या परत आल्या आणि त्यांनी तो सांगणं बंद केलं.

दातवाले हे गल्लीने ठेवलेलं नाव. दवाखान्याच्या मागच्या खोलीत, उत्तरेकडच्या एकुलत्या खिडकीपाशी, ते कवळ्या करत. मेण वितळवायचा छोटा दिवा, प्लास्टरचे साचे, आणि कपाटात रांगेने मांडलेले अनोळखी माणसांचे जबडे, हसायच्या बेतात असल्यासारखे. दवाखाना आधी म्हाताऱ्या डॉक्टरांचा होता, आता त्यांच्या लेकीचा. परत आलेल्या दोन्ही कवळ्या तिने टेबलावर ठेवल्या आणि एवढंच म्हणाली, "सावकाश करा, काका. घाई नाही."

ती भांडली असती तर दातवाले दोन तास भांडले असते. पण "घाई नाही" हे म्हाताऱ्या माणसाला म्हणायचं वाक्य आहे, आणि ते त्यांना वर्मी लागलं. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी वर्षभरापासून एक बारीक थरथर होती. कप बशीत ठेवताना किणकिण वाजायची. बायकोने ती ऐकली होती आणि ऐकली नाही असं दाखवलं होतं. एकसष्टाव्या वर्षी दातवाल्यांना पहिल्यांदाच आपल्याच हातांचा संशय आला.

खरं तर पहिल्यांदा नाही, दुसऱ्यांदा. पहिला संशय बावीस वर्षं जुना होता.

तेव्हा ते रिमोटवर उडणारी विमानं करत. बाल्सा नावाच्या हलक्या लाकडाची, वीतभर रुंद छातीची, पंख माणसाच्या दोन्ही हातांइतके लांब. त्या काळी प्रत्येक रिमोटला एक नंबर असे. मैदानावर एका फळीवर नंबरांचे बिल्ले टांगलेले असत. ज्याला उडवायचं त्याने आपल्या नंबराचा बिल्ला छातीला लावायचा आणि मगच रिमोट चालू करायचा. एकाच नंबराचे दोन रिमोट एका वेळी चालू झाले, की हवेतल्या विमानाला दोन मालक होतात, आणि दोन मालकांचं विमान कुणाचंच ऐकत नाही.

त्या दिवशी बिल्ला त्यांच्या छातीवर होता. विमान दूर वळून समोरून त्यांच्याकडे येत होतं, आणि अचानक त्याचा एक पंख खाली झुकला. विमान आपल्याकडे येत असताना डावं-उजवं उलटं होतं. आरशासमोर दाढी करताना होतं तसं. तिथे चुकून भल्याभल्यांची विमानं गेली आहेत. दातवाल्यांनी रिमोटच्या दांडीवर अंगठा दाबला. कुठल्या बाजूला दाबला, हे त्यांना पुढच्या क्षणी आठवेना. विमान उलटं होऊन नाकावर जमिनीत गेलं. मागून कुणीतरी म्हणालं, कुणाचा तरी रिमोट चालू होता वाटतं. कुणाचा, ते कुणी कबूल केलं नाही. दुसरं कुणी म्हणालं, दांडी उलटी दाबलीत. दातवाल्यांनी तुकडे खोक्यात भरले आणि खोकं माळ्यावर टाकलं. हात की हवा, म्हणजे चूक आपली की दुसऱ्या रिमोटची, हा प्रश्नही त्याच खोक्यात गेला. बावीस वर्षं त्याच्यावर फक्त धूळ बसली.

कवळ्या परत आल्या त्या आठवड्यात त्यांनी ते खोकं खाली काढलं. बायकोला वाटलं, साफसफाई चालली आहे. तिने फडकं आणून दिलं.

त्यांचा हिशेब साधा होता. कवळीत नेहमी दोघंतिघं असतात. हाताला खरं विचारायचं तर असं काम हवं, जिथे माप घेणारा, कापणारा आणि निकाल भोगणारा एकच माणूस असेल. आणि आताचे रिमोट तसले राहिले नव्हते. प्रत्येक रिमोट आपलं विमान स्वतःच ओळखतो, बिल्ले लागत नाहीत, दुसऱ्याची ढवळाढवळ चालत नाही. म्हणजे आता पडलं, तर हवेवर ढकलता येणार नव्हतं.

अकरा महिने जेवणाच्या टेबलावर एक पंख पसरलेला होता. नवराबायको ओट्यापाशी उभ्याने किंवा मांडीवर ताट घेऊन जेवत. मेण कोरायच्या सुरीने दातवाल्यांनी पंखाच्या बत्तीस बरगड्या कापल्या. बत्तीस, पूर्ण तोंड, असं त्यांनीच बायकोला सांगितलं आणि तिने हात जोडले. पंखावर रंगीत कागद ताणून बसवायला इस्त्री लागते. ती घरात एकच होती. कामाला जाताना चुरगळलेला शर्ट घालून ते निघाले की बायको दारातून सांगायची, "कुणी विचारलं तर सांगा, आमच्याकडे कपड्यांपेक्षा विमान टापटीप असतं." अंगठा थरथरायचा तेव्हा ते सुरी खाली ठेवत, बोटं मिटून थांबत आणि मग परत उचलत. एका बरगडीला कधी एक तास लागे. घाई नव्हतीच. हे त्यांना स्वतःला म्हणता येत होतं, दुसऱ्याने म्हटलेलं चालत नव्हतं.

नवा रिमोट दातवाल्यांच्या परगावी राहणाऱ्या लेकीने पाठवला, आणि तिथे पहिली अडचण आली. आता सगळेजण मोटरचा वेग डाव्या हाताने कमीजास्त करतात आणि विमानाचं नाक उजव्या हाताने वरखाली करतात. दातवाले ज्यांच्याकडे शिकले ते बरोबर याच्या उलट करत. दुकानातून नव्या पद्धतीचाच रिमोट आला होता. त्यांनी तो दोन दिवस नुसता हातात धरून पाहिला आणि तिसऱ्या दिवशी मागचं झाकण उघडून आतल्या स्प्रिंगा या दांडीच्या त्या दांडीला लावल्या आणि दोन्ही दांड्यांची कामं अदलाबदल करून टाकली. चाळीस वर्षं जबड्यात काम केलेल्या माणसाला एवढं काम म्हणजे काहीच नव्हतं.

बंद पडलेल्या कारखान्यामागच्या मैदानावर आता एक क्लब होता. एका बाजूला पाण्याची टाकी, पलीकडे नाला, नाल्याकाठी काटेरी तार. क्लबचा प्रमुख लिफ्ट दुरुस्त करणारा चाळिशीचा माणूस होता. डोक्यावर टोपी असे म्हणून सगळे त्याला कॅप्टन म्हणत. नियम त्यानेच सांगितला: नव्या माणसाने कॅप्टनसमोर विमान चढवायचं, आकाशात आडवा आठ काढायचा, तीनदा उतरवायचं, मग एकट्याने उडवायची परवानगी. दातवाले म्हणाले, मी नवा नाही. कॅप्टनने त्यांच्या रिमोटकडे पाहिलं, दांड्या हलवून पाहिल्या आणि हसू दाबत विचारलं, "काका, हे उलटं का?"

"उलटं तुमचं आहे," दातवाले म्हणाले.

तो दिवसभराचा विनोद झाला. कुणी म्हणालं, काकांचं विमान मागच्या मागे उडणार. कॅप्टनने मात्र अडचण नीट सांगितली. परीक्षेत नवा माणूस गडबडला, तर तो रिमोट हातातून घेऊन विमान वाचवतो. हा रिमोट त्याला चालवता येणार नव्हता. कुणालाच येणार नव्हता. दांड्या बदला आणि मग या, असं त्याने सुचवलं. दातवाले म्हणाले, दांड्या बदलता येतात, हात कुठून बदलून आणू. मग कॅप्टनने शेवटची सूचना केली, की निदान रिमोटमध्ये सहा मिनिटांचा गजर लावा, बॅटरी संपत आली की कळेल. दातवाले हो म्हणाले. आणि लावला नाही.

हा माज नव्हता, सवय होती. जुनी विमानं तेलावर चालत. टाकीत तेल संपत आलं की इंजिन आधी चिडायचं, आवाज चढत जायचा, आणि उडवणाऱ्याला कळायचं, आता उतरा. ज्याने शंभर वेळा कानाने टाकी मोजली आहे त्याला गजर कशाला हवा? विजेची मोटर मात्र शेवटच्या थेंबापर्यंत एकाच सुरात गुणगुणते, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी त्यांनी कानाडोळा केला असता.

परीक्षेच्या सकाळी बायको घडीची खुर्ची घेऊन आली. ती याआधी कधी मैदानावर आली नव्हती. का आलीस, असं विचारल्यावर म्हणाली, "तुकडे गोळा करायला कुणीतरी लागेल ना."

विमान पट्टीवर धावलं आणि सुटलं. चाकं जमिनीपासून बोटभर वर, सावली खाली राहिलेली. बावीस वर्षं ज्याच्याशिवाय जगलो ते हेच, असं त्यांना वाटलं. जगलो खरे, पण सावलीसारखे. हात सगळं आठवत होते. त्यांनी आठ काढला. कॅप्टनने मान हलवली. एक पुरे होता, त्यांनी दुसरा काढला. दुसरा पहिल्याहून गोल झाला म्हणून तिसरा काढला. कॅप्टन म्हणाला, काका, आता खाली. दातवाले हो म्हणाले आणि विमान वाऱ्याच्या दिशेने लांब नेऊ लागले.

नाल्याच्या पलीकडे, तारेच्याही पलीकडे, गुणगुण थांबली.

बॅटरी संपत आली होती आणि तिने मोटरची वीज तोडली होती. उरलेली वीज तिने फक्त पंख आणि शेपूट हलवायला राखून ठेवली होती. आकाशात एकदम इतकी शांतता झाली की पाण्याच्या टाकीतून गळणारी धार ऐकू आली. कॅप्टनचे दोन्ही हात पुढे आले, "द्या इकडे" हे तोंडात अर्धं आलं, आणि हात तसेच हवेत थांबले. त्याला आठवलं, की हे विमान त्याचे हात ओळखत नाहीत.

"इंजिन गेलं. उतरतोय. पट्टी मोकळी करा," दातवाले म्हणाले.

ही जुनी हाक होती. त्या काळी आठवड्याला दोनदा तरी कुणीतरी ती द्यायचं. आताच्या पोरांनी ती कधी ऐकली नव्हती, तरी त्या आवाजाने पोरं बाजूला झाली.

मोटर गेलेल्या विमानाचं नाक वर ओढावंसं वाटतं. जीव तेच सांगत असतो, अजून थोडं वर, अजून थोडं लांब. आणि वर ओढलं की वेग मरतो आणि विमान दगड होतं. दातवाल्यांनी नाक खाली केलं. उंची कमी होत होती आणि ते ती कमी होऊ देत होते. त्यांनी विमान वळवलं. आता ते समोरून त्यांच्याकडे येत होतं, नाल्यावरून, तारेवरून, बिनआवाजी. आणि तारेपाशी वाऱ्याने पंख उचलला, दुसरा पंख खाली झुकला. बावीस वर्षांपूर्वी झुकला होता तसाच.

विचार करायला वेळ नव्हता आणि ते बरंच झालं. अंगठा आधी गेला. झुकलेल्या पंखाखाली टेकू द्यावा तसा त्याच बाजूला गेला. पंख वर आला. विमान सरळ झालं.

अंगठा थरथरत होता. दातवाल्यांना तो दिसत होता. पण विमान थरथरत नव्हतं. थरथर कातडीत होती, जाण तिच्याखाली होती, जशीच्या तशी. आणि त्याच क्षणी, विमान जमिनीपासून दोन पुरुष उंचीवर असताना, त्यांना उमगलं, की त्या दिवशीही अंगठा इकडेच गेला असणार. ज्याला हे विचार न करता येतं त्याला ते तेव्हाही येत होतं. हात चुकले नव्हते. बावीस वर्षं त्यांनी एका निर्दोष माणसाला माळ्यावर टाकून ठेवलं होतं.

चाकं पट्टीला टेकली. एक हलकी उडी, दुसरी त्याहून हलकी, मग गवताची खसखस.

कॅप्टनने टोपी काढली, डोकं पुसलं आणि म्हणाला, "काका, आमच्यातल्या कुणालाच हे जमलं नसतं. मला तर नाहीच." नंतर त्याने हळूच विचारलं, गजर वाजला कसा नाही. दातवाल्यांनी खरं सांगितलं, लावलाच नव्हता. कॅप्टन इतक्या जोरात हसला, की बायको खुर्चीवरून उठून काय झालं ते बघायला आली.

तिने विमान सगळीकडून तपासलं, एकही तुकडा निघालेला नाही याची खात्री केली आणि नवऱ्याला म्हणाली, "म्हणजे आता टेबल मिळणार नाही तर."

दातवाल्यांनी बॅटरी बदलली आणि या वेळी गजर लावला. दुसरं उतरणं नेमकं, शाळेतल्या धड्यासारखं झालं. कॅप्टन म्हणाला, पुरे, दिली परवानगी, सही करतो. दातवाले म्हणाले, नियम तीनचा आहे. आणि डॉक्टरीणबाईला काय सांगायचं तेही त्यांनी तिथेच ठरवलं: कवळी अजून बोचते म्हणणाऱ्या त्या दोन पेशंटांना परत बोलाव, आणि माप मी खोलीत असताना घे.

तिसऱ्यांदा विमान वर गेलं, पहिल्यांदापेक्षा खूप वर, पोरांनी डोळ्यांवर हात धरले तेवढं वर. तिथे पोचल्यावर दातवाल्यांनी उजव्या दांडीने मोटर स्वतःहून बंद केली. कॅप्टनचे हात या वेळी हलले नाहीत, खिशातच राहिले. विमान मोठी गोल वळणं घेत, वाऱ्यावर टेकत, सावकाश खाली येऊ लागलं, आणि मैदानावरची सगळी माणसं माना वर करून, आवाज न करता, त्याच्याबरोबर वळत राहिली. दातवाल्यांनी त्याला घाई केली नाही. शेवटी ते पट्टीवर टेकलं, थोडं पळालं आणि त्यांच्या बुटांपासून हातभर अंतरावर थांबलं. ते उचलायला दातवाले लगेच वाकले नाहीत. एकसष्ट वर्षांच्या माणसाला जेवढं ताठ उभं राहता येतं, तेवढे ते ताठ उभे होते.