मंगरूचा दगड

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, हे आधीच सांगून टाकते. ठेवून चालणारही नाही... माझी नोकरी सरकारी पुरातत्त्व खात्यात. मेलेल्या माणसांच्या जागा शोधायच्या, मोजायच्या, फोटो काढायचे आणि संध्याकाळी रेस्ट हाउसवर येऊन वरण-भात खायचा. हाडांच्या शेजारी बसून डबा खाल्लाय मी, कधी वाईट स्वप्नसुद्धा पडलं नाही. त्यामुळे पुढचं वाचून ‘बाईंना ऊन लागलं असेल’ असं ज्यांना म्हणायचं असेल त्यांनी खुशाल म्हणावं. मीही बरेच दिवस स्वतःची तशीच समजूत घालत होते.

आधी माझं काम काय ते सांगते. कुठे नवा रस्ता किंवा रेल्वेची लाइन निघाली, की काम सुरू व्हायच्या आधी आमच्यापैकी कुणीतरी नकाशा घेऊन त्या वाटेने फिरून येतं. वाटेत जुनं काही आहे का ते बघायचं, रिपोर्ट द्यायचा, मग खातं ‘हरकत नाही’ म्हणतं. हे झालं कागदावर. प्रत्यक्षात आम्ही पोचतो तेव्हा झाडं आडवी झालेली असतात, खडीचे ढीग पडलेले असतात आणि ठेकेदाराचा माणूस थंड पाण्याची बाटली पुढे करून ‘मॅडम, किती वेळ लागेल?’ असं विचारतो. माझ्या रिपोर्टमुळे एखादा रस्ता हातभर सरकलाय, असं इतक्या वर्षांत मी पाहिलेलं नाही.

तर त्या वर्षी मोहफुलं पडायच्या दिवसांत मला गडचिरोलीत आलापल्लीच्या पुढच्या एका रस्त्याचं काम आलं. लोखंडाच्या खाणीतले ट्रक त्याच रस्त्याने जातात, म्हणून तो रुंद करायचा होता. गावाचं नाव मुद्दाम देत नाही, तिथल्या लोकांना आधीच कमी त्रास नाही. चंद्रपूरहून ऑफिसची जीप घेऊन निघालो... मी आणि ड्रायव्हर गणपतभाऊ. भाऊ गोंडपिपरीकडचे, घरी धानाची शेती. जंगलात गाडीतून उतरायचं म्हटलं की त्यांचे गुडघे दुखायला लागतात.

गावाच्या अलीकडे एका वळणावर मोहाच्या झाडांखाली दगड उभे होते. पातळ, चपटे, माणसासारखे उभे केलेले. तिथले लोक मेलेल्याच्या नावाने असा दगड उभा करतात. मागच्या बाजूचे कित्येक पिढ्यांचे, काळे पडलेले, पुढचे नवे. अगदी पुढचा, रस्त्याला जवळजवळ खेटून असलेला, मंगरूचा.

हे मला मंगरूच्या आईने सांगितलं. सोमीबाई नाव तिचं. मोहफुलं वेचत होती, मला बघून टोपली ठेवून आली. मंगरू एकुलता एक. याच वळणावर सायकलवरून येताना ट्रकखाली गेला. ट्रकवाला कोण, ते कधी कळलंच नाही. दगड उभा केला तेव्हा तो तिच्या कमरेला लागत होता म्हणे, आता खांद्याला लागत होता. मेलेला माणूस सुखात असला की त्याचा दगड वाढतो, दुःखात असला की कमी होतो... तिकडची जुनी समजूत आहे ही, मी ती वाचलेलीही होती. मी मान डोलावली. आमच्या लोकांना अशी मान डोलवायची चांगली सवय असते.

पण सोमीबाईचा चेहरा मला अजून आठवतो. पोरगा गेला त्याचं दुःख होतंच, पण त्या दगडाने तिला जगायला काहीतरी दिलं होतं. तिने दगडाच्या माथ्यावर हात ठेवला आणि म्हणाली, “वाढून राह्यला बाई. बरा हाये तो तिकडं.”

फोटो काढा म्हणाली, म्हणून काढला. शेजारी आमची मापाची लाल-पांढऱ्या पट्ट्यांची काठी उभी केली. दगडाचा माथा सोमीबाईच्या खांद्याशी, माथ्यावर एक टवका उडालेला, आणि त्या टवक्यापासून निघून तिरकी खाली जाणारी गारगोटीची पांढरी रेघ, जमिनीपासून वीतभर वर संपलेली. ही रेघ लक्षात ठेवा.

ऑफिसात मी भांडले. सगळी जागा एकच आहे, ही पद्धत अजून जिवंत आहे, जुने-नवे दगड वेगळे करता येणार नाहीत, रस्ता पलीकडे सरकवा, तिकडे नुसतं झुडपी रान आहे... सगळं लिहिलं. साहेबांनी वाचलं, चष्मा काढला आणि शंभर वर्षं झालेले दगड कुठले तेवढं वेगळं काढून द्या म्हणाले. कायदा शंभर वर्षांच्या अलीकडच्या वस्तूला ओळखत नाही. जुन्या दगडांना तारेचं कुंपण मंजूर झालं. नव्यांसाठी ‘ग्रामस्थांच्या भावनांचा आदर राखून स्थलांतर’. मंगरूला मरून अजून शंभर वर्षं व्हायची होती, हाच त्याचा गुन्हा. ज्या रस्त्याने त्याला खाल्लं, त्याच रस्त्याला आता त्याची जागाही हवी होती, आणि त्यावर शिक्का आमच्या खात्याचा होता. सोमीबाई नाही म्हणाली होती. तिचं ‘नाही’ कुठल्या रकान्यात लिहायचं ते कुणालाच माहीत नव्हतं.

दगड हलवताना मला हजर राहायचं होतं. तारीख कळवतो, असं ठेकेदाराचे लोक म्हणाले... कळवली ती काम उरकल्यावर.

पावसाळा संपल्यावर पाहणीला गेले. भर दुपार, स्वच्छ ऊन. रस्ता गुळगुळीत झाला होता. पलीकडच्या बाजूला सिमेंटचा चौथरा, त्याला स्टीलचं रेलिंग, आणि चौथऱ्यावर शोभेच्या कुंड्या मांडाव्यात तसे नवे दगड ओळीने. मंगरूचा दगड मला आधी सापडलाच नाही. मग टवका दिसला. दगड माझ्या मांडीच्या वर जात नव्हता.

आधी वाटलं, खोल गाडला. ठेकेदाराचा इंजिनीयर तिथेच होता, म्हणाला, “नाही मॅडम, सिमेंटमध्ये वीतभरच आहे. मी स्वतः उभा होतो.” मग वाटलं तुटला असेल. मी मोबाईलवर जुना फोटो उघडून समोर धरला.

टवका होता तिथेच, माथ्यावर. म्हणजे वरून तुटला नव्हता. पांढरी रेघ टवक्यापासून निघून तिरकी खाली गेली होती आणि चौथऱ्याच्या थोडी वर संपत होती... अख्खी. खोल गाडला असता तर रेघेचं खालचं टोक सिमेंटात गेलं असतं. रेघ पूर्ण होती, फक्त आखूड झाली होती. टवका तोच, पण लहान. सगळा दगडच्या दगड लहान झाला होता, मोठ्याचे कपडे लहान मुलासाठी आटवून शिवावेत तसा.

मी काठी लावून परत फोटो काढला. खात्रीसाठी अजून दोन काढले. शेजारचे दगड जुन्या फोटोत होते तेवढेच होते. इंजिनीयरला दोन्ही फोटो दाखवले तर तो म्हणाला, अँगलचा फरक असेल, आणि फोन आल्यासारखं करून गाडीकडे गेला. गणपतभाऊ मात्र रेलिंगपाशी उभे राहून बघत होते. पहिल्या वेळीही ते होतेच. एरवी त्यांची बडबड थांबत नाही, त्या दिवशी एवढंच बोलले, “म्याडम, गाडीत बसा. इथी थांबू नका.”

पण तेवढ्यात सोमीबाई आली. लांबून जीप ओळखली असणार. मधल्या काळात बाई खूप वाळली होती. रस्ता ओलांडताना दोन ट्रक गेले, ती थांबली, मग आली. नमस्कार-चमत्कार काही नाही, सरळ विचारलं.

“तुमच्यापाशी फोटो हाये ना? कमी झाला का हा?”

ती म्हणाली, गावातले लोक म्हणतात की म्हातारीला भ्रम झालाय. घरातलेही तेच म्हणतात. पुढे म्हणाली, “तुमी मोजलं होतं. तुमी सांगा. भरम असन तं बरंच हाये बाई... तसंच असावं.”

ती काय मागत होती ते मला स्वच्छ कळलं. आपण वेड्या ठरलो तरी तिला चाललं असतं, पोरगा तिकडे दुःखात नसला म्हणजे झालं. माझ्या हातात मोबाईल होता, फोटो उघडाच होता. मी तो पालथा धरला आणि म्हणाले, “तेवढाच आहे, सोमीबाई. फोटो तिरका आला होता.”

आयुष्यात पहिल्यांदा साहेबांच्या आवाजात बोलले मी.

तिने मान हलवली. चौथऱ्यावर चढली आणि पूर्वी ठेवायची तसा दगडाच्या माथ्यावर हात ठेवायला गेली. हात पोचेपर्यंत तिला कमरेत वाकावं लागलं. तशीच वाकलेली राहून तिने माझ्याकडे बघितलं.

“मंग मले वाकाव काऊन लागते?”

परत आल्यावर दोन्ही फोटो मी ओळखीच्या भूगर्भशास्त्रज्ञाला दाखवले, तो म्हणाला दगड वेगळे असतील. मग तोच टवका, तीच रेघ? तर म्हणाला, योगायोग. साहेब म्हणाले, हे रिपोर्टमध्ये घालू नका. रिपोर्टमध्ये स्थलांतर यशस्वी झाल्याची नोंद आहे, आणि खरं सांगायचं तर रिपोर्टात मावेल असं मलाही त्यात काही दिसत नाही. इथे कुणाला कारण ठाऊक असेल तर जरूर सांगा, मी मनापासून विचारतेय. फक्त अँगल म्हणू नका.

गेल्या उन्हाळ्यात दुसऱ्या कामासाठी त्याच रस्त्याने गेले. गणपतभाऊंनी न सांगता वळणावर गाडी हळू केली. दगड आता जेमतेम गुडघ्याएवढा राहिलाय. सोमीबाई चौथऱ्यावर त्याच्या शेजारी बसली होती, हात त्याच्या माथ्यावर, ट्रकची धूळ अंगावर घेत. आता तिला वाकावं लागत नाही.