पाणी प्या, सल्ला द्या

आमच्या आतोबांनी आयुष्यात जितके सल्ले घेतले, तितके अख्ख्या हिंदुस्थानात दुसऱ्या कुणी घेतले नसतील, आणि घेतलेले सल्ले इतक्या निर्धास्तपणे कुणी सोडूनही दिले नसतील. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. राहणार कर्जतचे. घरची चार भातखाचरं, एक म्हैस आणि बोलायला बसले की शेजारच्या आळीत ऐकू जाईल असा आवाज, एवढी त्यांची इस्टेट. पण कर्जतला आगगाडी थांबते आणि चांगली रेंगाळून थांबते, ही गोष्ट ते स्वतःच्याच इस्टेटीत धरत.

आता ही गाडी काही कर्जतच्या प्रेमापोटी थांबत नसे. पुढं बोरघाट. त्या चढाला एका इंजिनाचा दम पुरत नाही, म्हणून मागून आणखी एक इंजिन लावतात. ते लागेपर्यंत वकील असो, सावकार असो, नाहीतर संस्थानाचा कारभारी असो, कर्जतला निमूट बसून राहायचं. "एवढी शहाणी माणसं आयती दारात अडकून पडतात," आतोबा म्हणत, "आणि आपण त्यांना काही विचारू नये? करंटे आहोत काय आपण?"

म्हणून ते रोज मेलच्या वेळेला तांब्याची झारी भरून फलाटावर हजर होत. रेल्वेनं त्यांना नेमलं नव्हतं. स्टेशनमास्तरनं एकदोनदा हुसकूनही पाहिलं, पण एका उन्हाळ्यात त्यालाच घेरी आली आणि आतोबांच्या झारीनं तो शुद्धीवर आला, तेव्हापासून तो विषय मिटला. डब्यातून कुणी ओंजळ पुढं केली की आतोबा हातभर उंचीवरून धार सोडत. त्यामुळे सोवळ्याओवळ्याची तक्रार कुणाला करता येत नसे. भिजलेल्या बाह्यांची मात्र सगळ्यांनाच करता येई. ओंजळ भरली, पहिला घोट घशाखाली गेला, की आतोबांचा प्रश्न तयार. "पाणी पिणारा माणूस खोटं बोलत नाही, आणि गाडीतला माणूस लांबण लावत नाही, कारण शिटी होते," हा त्यांचा सिद्धान्त.

म्हैस जाफराबादी घ्यावी की गावठी, परसातला फणस ठेवावा की पाडावा, आत्याची नथ मोडून नवी करावी की तीच उजळून आणावी, सगळं आतोबा गाडीला विचारत. फणसाच्या बाबतीत एका काशीयात्रेला निघालेल्या म्हातारीनं "पाडा मेला" असं सांगितलं, तर आतोबा घरी येऊन फणसाला म्हणाले, "बाबा रे, काशीला जाणारी बाई तुझ्याविरुद्ध आहे, सांभाळून राहा." फणस अजून उभा आहे. आत्या वैतागून म्हणायची, "अहो, घरात एक माणूस आहे, त्याला विचारा की कधीतरी!" यावर आतोबा गंभीरपणे म्हणत, "तुम्ही कुठं गाडीत बसला आहात?" बरं, हे स्वतः जन्मात कधी गाडीत बसले नाहीत. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, "बसलो, तर मलाच सल्ला द्यावा लागेल."

अशा माणसाच्या हाती माझ्या जन्माचा निकाल गेला. झालं असं, की मुंबईच्या कॉलेजात मी एक वर्ष काढलं होतं. पुढं बी. ए. व्हायचं आणि मामलेदार व्हायचं, हे वडिलांनी माझ्या मुंजीतच ठरवून टाकलेलं. वडील खालापूरला महालकऱ्याच्या कचेरीत कारकून होते. उभा जन्म साहेबाच्या खुर्चीसमोर कागद धरून उभे राहिले. तसल्या खुर्चीत एकदा आपला मुलगा बसलेला पाहावा, एवढीच त्यांची हौस. आणि इकडे माझ्या मनानं पुण्याचं इंजिनिअरिंगचं कॉलेज घेतलेलं. बी. ए. झालेली मुलं अर्ज हातात घेऊन हिंडताना मी मुंबईत पाहत होतो; बांधकाम खात्याला मात्र माणसं हवी होती. पण कॉलेज बदलायचं म्हणजे झालेलं वर्ष पाण्यात, पुन्हा पहिल्यापासून श्रीगणेशा, आणि वडिलांची खुर्ची कायमची गेली. मी चाचरत विषय काढला. वडील रागावले नाहीत, तेच वाईट. नुसते म्हणाले, "आतोबांना विचार. ते म्हणतील तसं करू."

आतोबांना विचार म्हणजे गाडीला विचार! दुसऱ्याच दिवशी मला नमुना म्हणून फलाटावर उभं करण्यात आलं. "हा मुलगा. गणित चांगलं, तब्येत बेताची. मुंबईला ठेवावा का पुण्याला हलवावा?" डब्यातली मंडळी मला बाजारातल्या खोंडासारखी न्याहाळत. एक व्यापारी म्हणाला, कॉलेज कशाला, दुकानात बसवा. एक बाई म्हणाल्या, आधी लग्न उरका, मग पाठवा कुठं पाठवायचा तो. एका वकिलानं तर असा युक्तिवाद सुरू केला, की गाडी सुटली तरी संपेना, आतोबा झारी सांभाळत फलाटाच्या टोकापर्यंत त्याच्या बरोबरीनं धावले आणि धापा टाकत परत येऊन म्हणाले, "माणूस विद्वान होता. पण कुठल्या बाजूचा, ते काही कळलं नाही."

कर्जतभर बभ्रा झाला. मला खालापूरहून बैलगाडीत आणणारा साजगावचा गाडीवानसुद्धा सोडीना. "काय रं दादा, पुन्याला का म्हमईला? आमाला इचारशील तर कुटंबी जा, पन जेवनाची सोय बग. बाकी काय खरं नाय."

पंधरवडाभर हा छळ चालला. कॉलेजं उघडायला आली, आणि मला अन्न गोड लागेना. शेवटी एका दुपारी आतोबा झारी पालथी घालून फलाटावरच्या बाकावर बसले आणि हताश होऊन म्हणाले, "अरे, घाट चढून जाणारे सगळे पुणं सांगतात, उतरून जाणारे सगळे मुंबई सांगतात. माणसानं तिकीट काढलं की तो त्या गावाचा होतो. काय करायचं रे या लोकांचं?" मग एकदम माझ्याकडे वळून म्हणाले, "तू कुठं तिकीट काढलेलं नाहीस. तूच सांग."

मला कुणी हे विचारलंच नव्हतं. बोलायला लागलो, तो थांबेचना. मी म्हटलं, "आतोबा, आमच्या घरातून कचेरीकडं जाताना मधे ओढा लागतो. पावसाळ्यात वडील धोतर खोचून, दप्तर डोक्यावर घेऊन तो ओलांडतात. दरवर्षी एकदा तरी पाय घसरतो. मी मामलेदार झालो, तर मलाही शिपाई खांद्यावर घेऊन तोच ओढा ओलांडील. मला त्याच्यावर पूल बांधायचा आहे."

आतोबा उठले. पागोटं सरळ केलं, जे ते एरवी कधी करत नसत, आणि म्हणाले, "ऊठ. गाडी जुंपायला सांग. खालापूरला जाऊ."

वडील ओटीवर बसले होते. आतोबांनी आवाज शक्य तितका लहान केला, म्हणजे फक्त आमच्याच आळीला ऐकू गेला. "निकाल लागला. पुण्याला पाठवा. एका फार मोठ्या माणसानं सांगितलंय. आजवर त्या फलाटावर मी पुष्कळ माणसं पाहिली, पण असला माणूस पाहिला नाही."

"कोण होते?" वडिलांनी विचारलं.

"नाव विचारायच्या आत शिटी झाली हो. पण म्हणाले, मामलेदारालाही शिपायाच्या खांद्यावरूनच ओढा ओलांडावा लागतो. त्यापेक्षा मुलाला त्या ओढ्यावर पूल बांधू द्या. बापाचे पाय तरी कोरडे राहतील."

वडील हळूच म्हणाले, "त्या गृहस्थांना आमचा ओढा कसा ठाऊक?"

आता आली का पंचाईत! पण आतोबा कसले डगमगतात? "मोठ्या माणसांना सगळं ठाऊक असतं," ते म्हणाले. वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. माझी मान खाली. "खरं आहे," ते म्हणाले. "मोठ्या माणसांचं ऐकावं." आणि आत जाऊन त्यांनी आईला माझी वळकटी बांधायला सांगितलं.

पुढं मी इंजिनिअर झालो, आणि नोकरीच्या चौथ्या-पाचव्या वर्षी तो ओढा माझ्याच वाट्याला आला. पूल म्हणजे काय, दोन कमानींची मोरीच ती. पण वडील पहिल्या पावसाळ्यात दप्तर काखेत मारून, चपला न काढता तिच्यावरून गेले, आणि मधोमध उगाचच थांबले. त्या दिवशी आतोबा कर्जतची मेल सोडून झारीसकट पुलाच्या तोंडाशी उभे! येईल त्याला पाणी, आणि प्याल्यावर प्रश्न: "पूल कसा आहे?"

साजगावचा तोच गाडीवान आला. पाणी प्याला, पुलाकडं पाहिलं. "चांगला हाय की. कुनी बांदला?"

"एका फार मोठ्या माणसानं," आतोबा म्हणाले, आणि माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

बैलगाडी पुढं गेल्यावर मी म्हटलं, "आतोबा, शेवटी मलाच विचारायचं होतं, तर पंधरा दिवस गाड्यांना कशाला छळलंत?"

"अरे वेड्या," ते झारी भरत म्हणाले, "पोरगं म्हणतं असं सांगितलं, तर बाप म्हणतो त्याला काय कळतंय. गाडीतला माणूस म्हणतो म्हटलं, की ऐकतो. आणि फलाटावर मला कुणी पाहिलंच नसतं, तर तुझ्या बापाला ते खरं कसं वाटलं असतं?"

आतोबांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली. कामानिमित्त माझी घाटातून सारखी ये-जा असते. कर्जतला गाडी थांबते, मागून इंजिन लागतं, तोवर मी खिडकीतून ओंजळ बाहेर काढतो. तहान असो वा नसो. तिथं आता रेल्वेनं नेमलेला पाणीवाला आहे. चांगला माणूस आहे, बाही भिजू देत नाही. पाणी देतो आणि पुढच्या डब्याकडं जातो. विचारत काही नाही.