वासितीवहिनीला सुवा पाहायचं होतं

माझी वहिनी वासिती आयुष्यात किती वेळा सुवाला गेली याला गणती नाही, आणि तरी तिनं सुवा पाहिलेलं नव्हतं. हे मी गावात कुणाला सांगितलं की लोक हसतात. मला हसू येत नाही, मला संताप येतो.

आमच्या कंदावू बेटावरचं कुणी तिकडे राजधानीत, सुवात, वारलं, कुणाचं लग्न निघालं, कुणाच्या पोराचं बारसं ठरलं की पहिला निरोप वासितीला. शेकडो माणसांचा स्वैपाक ती डोळे मिटून करते, हाच तिचा गुन्हा. धक्क्यावर बोट लागली की टेम्पो उभाच असायचा. तो तिला कुणाच्या तरी मागच्या अंगणात, पत्र्याखाली उतरवायचा. मग कसावा सोला, अळकुड्या उकडा, मासे साफ करा, ढिगानं पातेली घासा. सगळं आटोपलं की तोच टेम्पो, तोच धक्का. सुवा तिला दिसलं असेल तर टेम्पोच्या ताडपत्रीच्या फटीतून.

माझा भाऊ, म्हणजे तिचा नवरा, जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगी नांदीला हॉटेलात कामाला असते, आणि मुलीचं पोर, पाच वर्षांचा सैरुसी, वहिनीजवळ असतो. गेल्या वर्षी एका मयताच्या स्वैपाकाला तिनं त्याला बरोबर नेलं होतं. परतीच्या बोटीत, सुवाचे दिवे मागे पडल्यावर, पोरगं विचारतं कसं, "आजी, आपण सुवाला कधी पोचणार?"

हे सांगताना वहिनी मासा खवलत होती. रडली वगैरे नाही, सुरी फक्त जरा जोरात चालायला लागली.

"वन्सं," ती म्हणाली, "शाळेत घालायच्या आधी मी ह्याला सुवा दाखवणार. त्याच्या निमित्तानं मीही बघून घेईन."

मी तिची नणंद उनाइसी. सुवाच्या इस्पितळात चादरी धुण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, त्यामुळे शहर मला पाठ. संध्याकाळी चटईवर बसून आम्ही बेत आखायला लागलो. मी उत्साहानं एका दिवसात सहा ठिकाणं कोंबली. वहिनीनं चार उडवली. म्हणाली, "वन्सं, पोर आहे ते, सरकारी पाहुणा नव्हे." मग तिनं एक युक्ती काढली. सैरुसीला रोज शेजारच्या गावाच्या वाटेनं चालवत नेऊ लागली. ओढ्यापाशी आला की तो बसकण मारायचा. म्हणजे याचे पाय ओढ्यापर्यंतचे, त्यापुढे बस, असं ठरलं.

पहिल्या सकाळी संग्रहालयातली जुनी जोडहोडी, कारण पोराला होड्यांचं वेड. ती बघून झाली की लगतच्या बागेत झाडाखाली पोळीभाजी, आणि तिथंच त्याला मांडीवर झोपवायचं. त्या वेळात वहिनीनं नुसतं बसून राहायचं, हे मी मुद्दाम बजावलं, कारण बाई नुसती बसायची नाही, बागेतला पाला गोळा करायला लागेल. दुसऱ्या दिवशी काचा नसलेल्या बसमधून पुढच्या बाकावर बसून नौसोरीपर्यंत जाऊन यायचं, आणि मग दुकानातला सरकता जिना. त्यावरून पोरानं हवं तेवढं वर-खाली करायचं, रखवालदार वैतागेपर्यंत. बोटीत त्याला उलट्या होतात म्हणून कपड्यांचा जादा जोड. कुठल्या दुकानात लहान मुलाला मोरीत जाऊ देतात तेही मी सांगून ठेवलं.

घोडं अडलं मुक्कामावर. नातलगाकडे उतरायचं म्हणजे यांगोनाच्या मुळ्यांची जुडी घेऊन जायचं, ती पुढे ठेवायची, टाळ्या वाजवायच्या, त्या मुळ्या कुटून केलेलं पेय पीत बसायचं. एकाकडे गेलं की दुसरा रुसतो. दोन दिवस त्यातच जातात आणि पोर कोपऱ्यात पेंगतं. म्हणून मी माझी धुलाईतली मैत्रीण रामरती सुचवली. ती ना आमच्या कुळाची ना गावाची, तिच्याकडे कुणाला मान द्यायचा नाही, घ्यायचा नाही.

"लोक काय म्हणतील?" वहिनी म्हणाली.

"जन्मभर म्हणतच आलेत. तुझी पातेली घासायला आलेत का कधी?"

ती हसली आणि रामरतीचं पक्कं झालं.

पण वहिनी सरळ बाई. रविवारी प्रार्थना संपल्यावर तिनं चारचौघींत सांगून टाकलं, की मी नातवाला घेऊन सुवाला चाललेय, फिरायला. मी तिला चिमटा काढेपर्यंत बातमी गावभर झाली होती.

त्याच आठवड्यात नेमानीकाका माझ्या थोरल्या भावाच्या, इसिकेलीच्या, घरी आले. आमच्या सरदारांच्या वतीनं बोलायचा मान नेमानीकाकांचा. त्यांनी देवमाशाचा दात पुढे ठेवला आणि मागणं घातलं, की सरदारांच्या पुतण्याचं सुवात लग्न आहे, स्वैपाकघर वासितीनं सांभाळावं. दिवस अर्थात नेमके तेच. देवमाशाचा दात म्हणजे आमच्यात शब्दाला शब्द नाही. तो घेतला की मागणं मान्य. इसिकेलीनं तो दोन्ही हातांत घेतला, रीतीप्रमाणे हुंगला, टाळ्या वाजवल्या आणि घरात ठेवून दिला.

वहिनी तेव्हा कुठे होती? ओहोटीला खडकावर मासे धरत होती. टोपली घेऊन ओल्या झग्यानं परत आली तेव्हा तिला कळलं की ती दिली गेली आहे. इसिकेली तिला म्हणाला, नाहीतरी तू सुवाला चाललीच होतीस, पोरालाही आण, लग्न बघेल. जणू तिच्यावर उपकारच केले.

माझं रक्त उसळलं. पण आमच्यात मोठे झालेले भाऊ-बहीण एकमेकांशी बोलत नाहीत. मिसरूड फुटल्यापासून इसिकेली माझ्याशी अवाक्षर बोललेला नाही, ना मी त्याच्याशी. मग काय, लेकी बोले सुने लागे. मी त्याच्या खिडकीखाली गेले आणि त्याच्या कोंबडीला फैलावर घेतलं. तुझी अंडी परस्पर कुणी उचलून दिली, तुला विचारलं तरी का गं, तुझ्या मालकाला स्वतःला एक अंडं घालता येतं का, असं बरंच. आत खिडकी लावल्याचा आवाज आला. कोंबडी बिचारी ऐकत राहिली.

परत आले तर वहिनीची ट्रंक उघडी. तिच्या हातात तिचा स्वतःचा दात होता. लग्नात मामानं दिलेला, वापरानं तांबूस झालेला. तो तिनं स्वतःच्या मयतासाठी जपून ठेवला होता. घातलेलं मागणं मोडायचं तर माफीचा दात द्यावा लागतो, आणि तिच्याकडे एवढा एकच होता.

मी म्हटलं, वेड लागलंय का तुला, मयतात पुढे ठेवायला दात नसला तर मेल्यावर तुझी शोभा होईल.

"मेल्यावर मी कुठे बघायला येणार आहे?" ती म्हणाली.

त्या संध्याकाळी इसिकेलीच्या घरी पुरुष यांगोनाच्या लाकडी परातीभोवती बसले होते. एरवी बाईच्या वतीनं घरातला पुरुष बोलतो. तिच्यासाठी बोलणार कोण, ज्यानं तिला दिलं तो? ती वाकून आत आली, दाराजवळ बसली आणि दात नेमानीकाकांपुढे सरकवला. कुजबुज झाली. मी दाराबाहेर उभी होते.

"काका," वहिनी म्हणाली, "सरदारांचा मान मोठा आहे, तो मी मोडतेय, म्हणून हे. सुवातल्या तुमच्या सगळ्यांच्या मोऱ्या मला ठाऊक आहेत. कुठली तुंबते, कुठल्या नळाला पाणी येत नाही, सगळं. रस्ता मात्र एकही ठाऊक नाही. पोराला माझं बोट धरून मोरीत जायची सवय लागायच्या आत मला त्याला रस्त्यावर न्यायचंय."

नेमानीकाका दाताकडे वाकले. मला वाटलं, जुनं जाणतं माणूस आहे, दात उचलून परत तिच्या हातात देईल, म्हणेल, ठेव बाई, जा पोराला घेऊन. कसलं काय. त्यांनी तो घेतला, हुंगला, टाळ्या वाजवल्या. माफी मंजूर. दोन दिवस फिरायला जायला एका म्हाताऱ्या बाईनं स्वतःच्या मयताचा दात मोजायचा, आणि कुणाला त्यात काही वावगं दिसलं नाही. आजही आठवलं की माझ्या अंगाची लाही होते.

मग नेमानीकाकांनी विचारलं, की लग्नाच्या स्वैपाकाचं काय? सगळ्यांचे डोळे हळूहळू दाराकडे, माझ्याकडे वळले. मी तोंड उघडणार तेवढ्यात वहिनी बोलली. दीर-भावजयीला आमच्यात थट्टेची पूर्ण मुभा असते, काहीही बोललं तरी रागवायचं नसतं. ती अगदी त्याच थट्टेच्या सुरात बोलली.

"माझा दात माझ्यापुरता. पहिला दात भावोजींनी हुंगला ना? मग पातेलंही त्यांनीच हुंगावं."

पुरुष मांड्या थोपटून हसले. इसिकेलीही हसला, हसावंच लागतं. हसणं विरलं तेव्हा लक्षात आलं की नेमानीकाका हसत नव्हते.

"खरं आहे," ते म्हणाले. "दात ज्यानं घेतला, शब्द त्यानं दिला. इसिकेली, बोट चुकवू नकोस."

बोटीवर मीही होते, मी का मागे राहू? सैरुसी वहिनीच्या मांडीवर, आणि पलीकडे दोन मोठ्या पातेल्यांच्या मध्ये आमचा इसिकेली. किनारा दिसेनासा झाला तसा तो सरकत सरकत तिच्याजवळ आला आणि हळूच विचारू लागला, की एवढ्या माणसांच्या रश्श्याला मीठ किती घालतात.

वहिनीनं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"मला काय विचारता, भावोजी," ती म्हणाली, "मी सहलीला चाललेय."