तपासणीच्या दिवशी घरी जाणारी पोरगी

पत्र आलं त्या दिवसापासून माझं बूड खुर्चीला टेकेना. शाळा तपासणीची पद्धत बदलली होती. आता आधी कळवणार नाहीत, कोणत्याही दिवशी येतील. शाळेला अ, ब, क अशी श्रेणी देणार नाहीत, जे दिसेल ते सरळ वाक्यांत लिहून जातील. आणि एकेका मुलाला बसवून त्याच्याशी बोलतील, तेव्हा शिक्षकांनी खोलीबाहेर थांबायचं. आमच्या फाटकावर लाल रंगात 'अ श्रेणी' लिहिलेलं आहे. ते पुसायचं की ठेवायचं याचा पत्रात उल्लेखच नाही, म्हणून मुख्याध्यापक हैराण. मी म्हटलं, सर, त्या अक्षराचं काय घेऊन बसलात, आपल्याला बाहेर उभं करणार आहेत ते बघा.

पडेगावच्या पुढं आत वळलं की आमची जिल्हा परिषदेची शाळा. मी शहरातून रोज स्कूटीवर येते. चौथीचा वर्ग माझ्याकडं, आणि ही पोरं दुसरीपासून माझ्याच हाताखालची.

आधी कसं चालायचं ते सांगून टाकते, आता लपवून काय उपयोग. आदल्या दिवशी फोन यायचा, उद्या साहेब आहेत. मग जाळ्या काढा, तक्ते टांगा, घडाघडा वाचणारी पोरं पुढच्या ओळीत बसवा. आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांच्या कानात हळूच सांगायचं, उद्या नाही आलास तरी चालंल. वरून कीर्तन, आतून तमाशा! सगळेच करतात, असं मी स्वतःला सांगायची, आणि झोप लागायची.

माझ्या वर्गात अशी एकच पोरगी होती. आई दुसऱ्याच्या मळ्यात भाजी खुडायला जायची. पोरगी तोंडी हिशोबाला लई चपळ, कुणाची पेन्सिल कुणाच्या दप्तरात गेली हे तिला विचारावं. पण पुस्तक उघडलं की गप्प. दुसरीत एकदा आणि तिसरीत एकदा मी तिला सांगितलं होतं, उद्या घरीच राहा, आईला काम असतं ना, तिला मदत कर. वर बिस्किटाचा पुडाही दिला होता. ती खुशीत गेली. तो पुडा मला आजही आठवतो आणि स्वतःची लाज वाटते.

आता तिला लपवायची सोय राहिली नव्हती. म्हणून दुपारची खिचडी झाली की मी तिला रोज समोर बसवायला लागले. मायेपोटी नाही, भीतीपोटी. चिडायचे, टेबलावर पट्टी आपटायचे, मग पाणी पिऊन पुन्हा सुरू. महिनाभरात तिचं बोट ओळीवरून सरकायला लागलं, बोटामागं आवाज निघायला लागला. दोन वर्षं हे मी का केलं नाही, या विचारानं आणखीच चिडचिड व्हायची.

तोवर फाटकाशी मोटरसायकल वाजली की मी उभी. कधी गॅसवाला, कधी कुणाचा बाप डबा द्यायला आलेला. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! घरी कुकरची शिट्टी झाली तरी मी दचकते म्हणून नवरा हसायचा.

तपासणीच्या अधिकारी बाई आल्या एका मंगळवारी, प्रार्थना आणि हजेरी झाल्यावर. जीप नाही, काही नाही, स्वतःच्या स्कूटीवर, खांद्याला पिशवी. चहाला नको म्हणाल्या. हजेरीपट पाहिला, सगळे हजर. मग पोरं मोजली आणि म्हणाल्या, एक कमी आहे.

मी तिसऱ्या ओळीत पाहिलं. हजेरीला होती ती पोरगी आता नव्हती, दप्तरही नव्हतं. मी काही बोलायच्या आत पोरांनी एका सुरात सांगितलं, "ती तपासणीच्या दिवशी घरी जाती."

माझे कान तापले. अधिकारी बाई माझ्याकडं बघत होत्या. मी म्हणाले, तिच्या आईला काम असतं, मॅडम. हजेरीला 'उपस्थित' म्हणावं तितक्या सहज ते खोटं तोंडातून निघालं. त्या म्हणाल्या, घेऊन या तिला, मी थांबते.

घर पाच मिनिटांवर. पोरगी अंगणात भांडी घासत होती. मला बघून उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, गेल्या का त्या? गेल्या की येते मी."

मी सांगितलं, त्या तुझ्यासाठीच थांबल्यात. तिनं हात धुतले, फ्रॉकला पुसले, दप्तर उचललं आणि मग विचारलं, "तुम्हाला चालंल का?"

मला रडू आलं आणि संतापही आला, आणि संताप कुणावर काढणार, माझ्यावरच. चालंल म्हणाले. रस्ताभर ती माझ्या मागं मागं चालत राहिली. मी वळून पाहिलं की थांबायची.

ऑफिसच्या खोलीचं दार लागलं, मी बाहेर. व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत किती फेऱ्या झाल्या कुणास ठाऊक. आतलं काही ऐकू येत नव्हतं. शेवटी दार उघडलं आणि ती हसत बाहेर आली. अख्खं पान वाचलं म्हणाली, बोट ठेवून. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला, तर ती आणखी जवळ सरकली आणि हळू आवाजात म्हणाली, "त्यांनी विचारलं, तपासणीला घरी का जाती. मी सांगितलं, आईला काम असतं."

बरोबर उत्तर दिल्यावर पोरं बघतात तशी माझ्या तोंडाकडं बघत उभी राहिली.

मी तिला म्हटलं, जा, वर्गात बस, पुढच्या ओळीत. खिडकीतून दिसत होतं, अधिकारी बाई वही मिटत होत्या. तिचं आणि माझं सांगणं जुळलं होतं. आता मला कुणी काही विचारणार नव्हतं. मी थोडा वेळ कडीला हात लावून तशीच उभी राहिले. मग आत गेले आणि दार लावून घेतलं.

"मॅडम," मी म्हणाले, "तिनं आत्ता तुम्हाला जे सांगितलं ते खोटं आहे. ते मीच शिकवलंय तिला."