काकांनी चुकवलेली मुदत

तारीख विचारली की काका अंगठा बोटांच्या पेरांवर फिरवू लागत. "थांब रे, मोजू दे." भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्यांचा विश्वास नव्हता, आणि माझा त्यांच्यावर नव्हता.

गिरगावातल्या एका वकीलसाहेबांकडे काका जुने कारकून आणि मी नवा टायपिस्ट. तुम्हीही असे कारकून पाहिले असतील: काळी टोपी, काखेत कागदांचं बोचकं, कोर्टातल्या प्रत्येक शिपायाशी ओळख. सरळ माणसाला एवढ्या ओळखी कशाला लागतात, असं मला वाटे. वयाने लहान असलो तरी स्वभावाने मी खवट होतो.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. परळच्या गिरणीतली एक बाई आमच्याकडे आली. नवरा वारल्यावर तिने दुसरं लग्न केलं, म्हणून कोर्टाने तिच्या पाच वर्षांच्या मुलीचा ताबा दिराला दिला होता. तिला अपील करायचं होतं.

"काका, माझा चेडू परत गावतला मा?"

काकांनी पेरं मोजली. "दिवस आहेत बाई अजून."

अपिलाला निकालाची नक्कल जोडावी लागते. ती तयार व्हायला लागतील ते दिवस मुदतीत धरत नाहीत. मात्र तयार नकलांच्या यादीत नाव लागलं की सूट संपते. तुम्ही नक्कल कधी नेता, याच्याशी कोर्टाला देणंघेणं नाही. हा नियम मला काकांनीच शिकवला होता. आणि त्यांनीच दिवस मोजले ते नक्कल हातात पडल्यापासून! यादी चार दिवस आधी लागली होती. अपील तीन दिवस उशिरा दाखल झालं.

साहेब म्हणाले, "उशीर माफ करण्याचा अर्ज देऊ. बंदमुळे कोर्टात पोचता आलं नाही, असं शपथेवर लिहा."

"कोर्ट उघडं होतं, साहेब. यादी लागली त्या दिवशी मी चळवळीच्या सभेला गेलो होतो."

"अहो, कोण बघायला येतंय?"

"शपथेवर खोटं नाही लिहिणार."

खरं तेच लिहिलं आणि अर्ज फेटाळला गेला. बाई कितीतरी वेळ कोर्टाच्या पायरीवर बसून होती. माझ्या मनात मात्र शंकेची पाल चुकचुकली. एवढा मुरलेला माणूस असा चुकतो? आणि नेमकं याच वेळी हरिश्चंद्र होतो?

पुढच्याच महिन्यात लालबागच्या एका इराण्याकडे काका त्या बाईच्या, कोर्टात पाहिलेल्या दिराबरोबर चहा पिताना दिसले. हसून हसून, आर्जवं केल्यासारखं बोलत होते. दुसऱ्या दिवशी मी आडून विचारलं, "लालबागला कोणी नातेवाईक आहेत का, काका?"

"असतात रे एकेकाच्या भानगडी," म्हणत ते कागदांत डोकं घालून बसले.

मी साहेबांना सांगितलं. दोनतीनदा पाहिलं, असं सांगितलं. पाहिलं होतं एकदाच. साहेबांनी काकांना आत बोलावून जाब विचारला. काकांनी काखेतलं बोचकं साहेबांच्या टेबलावर ठेवलं. बाहेर येऊन टोपी घातली, माझ्या पाठीवर थाप मारली, "तारखा सांभाळ रे," म्हणाले आणि गेले. फणसवाडीतली खोली सोडून गावी गेल्याचं मागाहून कळलं. खोटं कशाला बोलू, मला तेव्हा बरं वाटलं.

दोन महिन्यांनी ती बाई ऑफिसात आली.

"काका खंय?"

"आता इथे नसतात."

ती दारातच उभी राहिली. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. अपील गेल्यावर काकांनी दिराची पायधरणी केली होती. रविवारी दुपारी तासभर ते मुलीला त्याच्याकडून घेत आणि राणीच्या बागेत आईला भेटवत. कोणाला कळलं तर भेट बंद, अशी दिराची अट होती.

"दीर म्हणता, काकांच्याच हातात देतलंय, दुसऱ्या कोणाक नाय. दोन महिने झाले, मी चेडू बघूक नाय. माका काकांचो पत्तो देशात काय?"

माझ्याकडे पत्ता नव्हता. साहेबांकडेही नव्हता. मी काय केलं होतं, हे तिला सांगायचं धाडस तेव्हा झालं नाही, पुढेही झालं नाही.

तिने पिशवीतून एक नवा फ्रॉक काढला, टेबलावर पसरला आणि हाताने त्याची लांबी मोजून पाहिली.

"गणपतीक शिवलेलो," ती म्हणाली. "आता आखूड होतलो."