भरिताचा अहवाल

परवा धरणगावला जाताना कोणीतरी शेतात कापसाच्या काड्यांवर वांगी भाजत होतं. त्या वासाने मला थेट जळगावच्या एका खानावळीत नेलं. तेव्हा मी धंद्याचा सल्लागार होतो, म्हणजे स्वतः कधी धंदा केला नव्हता. नव्या इमारतीत आल्यापासून भरीत का खपत नाही, असं मालक नानांनी विचारलं होतं. मी दोन वर्षांची बिलं संगणकात घातली, रंगीत आलेख काढले आणि गंभीरपणे सांगितलं, "भरीत बंद करा." म्हणजे ते करणाऱ्या सुमनअक्काही घरी.

अक्कांनी आलेख उलटसुलट करून पाहिला. "भाऊ, तुना कागदले वास येस का? चूल मांगे गई, मंग रस्तावरना मानूसले कसं समजी?"

नाना खो खो हसले. दुसऱ्याच दिवशी चूल पुढच्या अंगणात आली. वांग्यांची सालं तडतडली, धूर रस्त्यावर पसरला आणि बसची वाट पाहणारी माणसं एकेक करून आत शिरली. अक्कांना घरी पाठवायची गोष्ट पुन्हा कोणी काढली नाही.

मीही अहवाल काखेत धरून रांगेत उभा राहिलो. माझी पाळी आली, तेव्हा अक्कांनी रिकामं पातेलं वाजवलं. "भाऊ, बठ्ठं सरी गयं!"

तेव्हा ओशाळलो होतो. आता आठवलं की हसू येतं, आणि भूकही लागते.