ऑफिसच्या पूजेला बसलेलं जोडपं

गेल्या शुक्रवारी आमच्या ऑफिसात सत्यनारायण झाला. ऑफिस सरकारी, ठाण्यातलं... नाव सांगत नाही, मला अजून पेन्शन घ्यायची आहे.

सरकारी कचेरीत पूजा करावी की नाही हा वाद दर वर्षी होतो, आणि दर वर्षी पूजाही होते. पद्धत अशी, की ऑफिसात ज्याचं लग्न सगळ्यात नवीन, ते जोडपं पूजेला बसतं. यंदाचा मान निलेशचा होता.

निलेश ठाण्याजवळच्याच बाळकुम गावचा, कोळ्यांचा मुलगा. दाखल्यांच्या खिडकीमागे कॉम्प्युटरवर बसायचा, एजन्सीमार्फत... म्हणजे कंत्राटी. काम आमच्यासारखंच, खुर्चीही तशीच, फक्त पगार आणि भरवसा कमी. त्याचं लग्न झालं तेव्हा साहेबांनी पेढा खाता खाता जाहीर करून टाकलं होतं की या वर्षी पूजेला तुम्ही दोघं.

पूजेच्या थोडे दिवस आधी वरून पत्र आलं. निधी उपलब्ध नसल्याने कंत्राटी मनुष्यबळ कमी करावे. राज्याच्या तिजोरीत खडखडाट आहे हे आम्ही पेपरात वाचत होतोच, पण तो आवाज आमच्या मजल्यावर येईल असं वाटलं नव्हतं. ज्यांची नावं गेली त्यात निलेश होता. त्याने ओळखपत्र जमा केलं, सगळ्यांना 'येतो' म्हणाला आणि गेला.

आता गंमत बघा... पूजेला दुसरं जोडपं बसवायचं, तर आधी निलेशला 'तू येऊ नकोस' असं कुणीतरी सांगायला हवं. मला वाटलं हेडक्लार्क सांगतील, हेडक्लार्कना वाटलं साहेब सांगतील, साहेबांना वाटलं मी सांगून मोकळी झाले असेन. नकोशी फाइल जशी या टेबलावरून त्या टेबलावर सरकत राहते, तसं ते सरकत राहिलं. आणि शुक्रवार उजाडला.

चौरंग मांडून झाला, केळीचे खांब बांधून झाले. गुरुजी माझ्या ओळखीचे, डोंबिवलीहून आणलेले. त्यांनी विचारलं, यजमान कुठे आहेत? आम्ही एकमेकांची तोंडं बघायला लागलो.

तेवढ्यात निलेश जिना चढून आला. सोवळं नेसलेला, मागे बायको प्रणाली, नव्या नऊवारीत, केसांत अबोलीचा गजरा. गेटवर त्याला व्हिजिटरचा पास घ्यावा लागला होता... तो त्याने उपरण्याला अडकवला होता.

मी त्याला बाजूला घेतलं. 'अरे, तू आलास...' एवढंच म्हणाले.

"येनार बोललेलो ना मॅडम. देवाच्या कामाला नाय कसा बोलनार?"

तो हसून बोलला. प्रणालीला मात्र हसू येत नव्हतं. तिने माझा हात धरून हळूच विचारलं, "मॅडम, साहेब परत घेतील ना यांना? सासूबाई बोलल्या, पूजा चुकवू नका, साहेबांच्या डोळ्यांसमोर राहा." मी 'बघूया गं' म्हणाले. सरकारी नोकरीत हा शब्द आपोआप तोंडात येतो.

गुरुजींना यातलं काहीच माहीत नव्हतं. त्यांनी कार्यालयाच्या भरभराटीचा संकल्प निलेशच्याच हातून सोडवला. निलेशनेही मन लावून पळीभर पाणी सोडलं. पोथीत भरलेल्या नावेत नुसता पालापाचोळा उरतो तो भाग आला, तेव्हा लेखा शाखेच्या सावंत मॅडम माझ्या कानात म्हणाल्या, "हे आपलं बजेट." एरवी मी खदखदून हसले असते...

आरती झाली. मग रिवाजाप्रमाणे जोडपं वडीलधाऱ्यांच्या पाया पडायला लागलं. पहिला मान साहेबांचा. साहेब माणूस वाईट नाही, पण त्यांचे आशीर्वाद ठरलेले आहेत. दर वर्षी जे बोलतात तेच बोलून गेले, "सुखी राहा. अशीच मन लावून नोकरी करा."

निलेश वाकलेला होता, तो सरळ झाला. "हो सर," म्हणाला. आणि मग विचारलं, "कुठं करू, सर?"

टोमणा नव्हता हो तो. टोमणा असता तर बरं झालं असतं, कुणीतरी रागावलं असतं, विषय संपला असता. मुलाने खरोखर विचारलं होतं आणि हात जोडून तो उत्तराची वाट बघत होता. प्रणालीही साहेबांच्या तोंडाकडे बघत होती.

साहेबांनी पूजेसाठी खांद्यावर घेतलेलं उपरणं सारखं केलं. 'बघू, बघू' म्हणत केबिनमध्ये गेले. बाकी आम्ही सगळे कायम नोकरीवाले, एकदम प्रसादाच्या द्रोणांकडे वळलो. मला लाज वाटली, खरं सांगते. काम याने आमच्यापेक्षा कमी केलं म्हणून तो बाहेर गेला नव्हता, आणि जास्त केलं म्हणून मी आत नव्हते.

दोघांनी प्रसाद खाल्ला, घरच्यांसाठी थोडा बांधून घेतला. जाताना प्रणाली माझ्या पाया पडली. मी कुठलाही आशीर्वाद दिला नाही, नुसतं जवळ घेतलं.

तिजोरी कशी भरायची ते मला कळत नाही. पण निलेशने विचारलेला प्रश्न अजून तसाच आहे, आणि आमच्या मजल्यावर त्याचं उत्तर नाही, म्हणून इथे लिहिलं. ठाण्यापासून कल्याणपर्यंत कुणाच्या ऑफिसात, दवाखान्यात, शाळेत जागा असेल तर मला इनबॉक्स करा. मराठी-इंग्रजी टायपिंग उत्तम, खिडकीवर चिडलेल्या माणसाशीही शांतपणे बोलतो.

वरिष्ठांचा आशीर्वाद त्याला मिळालेला आहे... आता फक्त नोकरी हवी आहे.